कामावरची धाड आणि आपला पाडा

(वसई तालुक्याच्या पूर्वपट्टीतल्या एका पाड्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या बैठकीत संघटनेच्या एका कार्यकर्त्याने केलेलं भाषण. मोबाइलवर टेप करून कागदावर उतरवलं आहे. बोली जमेल तेवढी तशीच ठेवली आहे. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)

बायांनो, भावांनो, मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो, जरा पुढं सरका. आज घोषणा कमी आणि कामाचं बोलणं जास्त आहे.

दिवाळी झाली. कापणी उरकली, झोडणी चाललीय. आता आठ-पंधरा दिवसांत पाडे रिकामे व्हायला लागतील. जव्हार-मोखाड्याची, विक्रमगडची माणसं जगायला खाली उतरतील. आपली पोरं नाक्यावर उभी राहतील. कोणी वीटभट्टीवर, कोणी नायगावला बिल्डिंगच्या कामावर, कोणी वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत. ज्यांनी मुकादमाकडून बयाणा घेतलाय त्यांचा निघायचा दिवसही ठरलाय. दरवर्षी या वेळच्या बैठकीत आपण बयाणा, हजेरी, मजुरीचा हिशेब यावर बोलतो. यंदा एक विषय वाढलाय.

मागच्या बैठकीत एका बाईने मला विचारलं होतं, “भाऊ, पोरगा नालासोपाऱ्याला सेंट्रिंगच्या कामावर हाय. तिथं पोलीस येतात, बांगलादेशी शोधतात, कागद मागतात. माझ्या पोराकडं जन्माचा दाखला नाय. त्याला नेतील का?” मी ते हसण्यावारी नेलं. म्हणालो, “आपल्याला कोण बांगलादेशी म्हणणार?” सगळे हसले. ती बाई हसली नव्हती. घरी गेल्यावर मला झोप लागली नाही, कारण मला माझाच एक दिवस आठवला.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मी वसईच्या पूर्वेला एका साइटवर बिगारी होतो. तिथं प्लास्टर करणारी बंगालची टोळी होती. त्यांचा हात फार साफ होता. भिंतीवर थापी फिरली की परत बघायला नको. जेवायच्या सुट्टीत ते भात आणि मासळी शिजवायचे, आम्हीपण भात आणि मासळी, त्यामुळे ओळख झाली. त्यांचे सहा आठवड्यांचे पैसे ठेकेदाराकडं अडकले होते. शनिवारी त्यावरून मोठं भांडण झालं. सोमवारी सकाळी पोलिसांची गाडी आली. कोणी कळवलं ते मला माहीत नाही. सगळ्यांना ओळीत बसवलं. आम्ही दोघं वारली पोरंही त्याच ओळीत.

मला विचारलं, गाव कुठलं? मी पाड्याचं नाव सांगितलं. त्या साहेबाने ते कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, मराठी बोलून दाखव. मी घाबरलेलो. घाबरल्यावर माणूस आईच्या बोलीत बोलतो. मी आपल्या बोलीत बोललो. तो म्हणाला, ही कसली मराठी? संध्याकाळी मुकादम आला, ही पोरं इथलीच आहेत म्हणाला, तेव्हा आम्हाला सोडलं. माझा त्या दिवसाचा खाडा पडला, बस. बंगालच्या माणसांचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांचे सहा आठवडे ठेकेदाराच्या खिशात राहिले. त्यांचं प्लास्टर अजून त्या बिल्डिंगला आहे, तिथं लोक राहतात.

ते बांगलादेशचे होते का मुर्शिदाबादचे? मला माहीत नाही. त्या दिवशी तिथं कोणीच ते नीट तपासलं नव्हतं. एवढं मात्र मला समजलं की ज्याच्याकडं ओळख सांगणारा मुकादम होता तो सुटला. मी सुटलो तो मी इथला आहे म्हणून सुटलो नाही. इथला आहे असं सांगणारा एक माणूस वेळेवर आला म्हणून सुटलो.

आता यंदाचं बघा. जानेवारीत मुंबईत एका मोठ्या नटावर घरात घुसून चाकूचा हल्ला झाला. पोलिसांनी ठाण्यात कामगारांच्या छावणीजवळच्या झाडीतून एकाला पकडलं, तो बांगलादेशचा असल्याचं सांगितलं. त्याच्या आधी एका दुसऱ्याच तरुणाला छत्तीसगडमध्ये रेल्वेतून उतरवून ताब्यात घेतलं होतं. त्याचा फोटो टीव्हीवर फिरला. त्याचा काही संबंध नाही असं कळून त्याला सोडलं, तोवर त्याची नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. या प्रकरणानंतर बिल्डिंगच्या साइटी, कामगारांच्या खोल्या, भंगाराची गोदामं, गाळे, सगळीकडं तपासणीचा जोर वाढला. आपल्या भागाला हे नवीन नाही. २०२० च्या फेब्रुवारीत अर्नाळ्याजवळ राजोडीत वीसच्या वर माणसं बांगलादेशी म्हणून पकडली होती. तेव्हा धाड कधीमधी पडायची, आता ती रोजच्या बातमीत असते.

याच वर्षी जूनमध्ये मिरा रोडला काय झालं ते ऐका. मिरा रोड लांब नाही, खाडीच्या पलीकडं. पोलीस आयुक्तालयही आपलं आणि त्यांचं एकच आहे. तिथं मुर्शिदाबाद जिल्ह्यातला एक गवंडी काम करत होता. मुर्शिदाबाद पश्चिम बंगालमध्ये आहे, म्हणजे भारतात. त्याला बांगलादेशी समजून धरलं. घरच्यांनी गावाहून कागद पाठवले, ग्रामपंचायतीने पाठवले, तिथल्या सरकारी माणसांनी इकडं कळवलं. पोलिसांचं म्हणणं असं की त्याच्याकडं जन्माचा पुरावा नव्हता, आधार आणि पॅन कार्डावर नागरिक ठरत नाही. काही दिवसांत त्याला सीमा सुरक्षा दलाकडं नेऊन पहाटे सीमेपलीकडं सोडून दिलं. स्वतःच्या देशातून बाहेर! मग गावातून आरडाओरडा झाला, बंगालचं सरकार मध्ये पडलं, दोन्हीकडच्या सीमेवरच्या दलांची बैठक झाली आणि त्याला परत आणलं. अशाच तऱ्हेने महाराष्ट्रातून पाठवलेली आणखी काही माणसं त्याच दिवसांत परत आणावी लागली. ती मजूर माणसं होती. कोणाकडं वकील नव्हता. त्यांना सोडवलं ते गावाने.

बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशी, असं इथं पुष्कळांना वाटतं. मी तुम्हाला विचारतो, तलासरीचा वारली आणि उंबरगावचा वारली, बोलीत काय फरक? एक महाराष्ट्रात, एक गुजरातेत. मधली रेघ नंतर आली, बोली आधीची. बंगालचंही तसंच आहे. १९४७ मध्ये मधून रेघ मारली, दोन्हीकडं तीच भाषा राहिली. भाषेवरून देश ओळखायचा म्हटलं तर आपल्याला कुठल्या देशात घालणार?

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबई पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या कारागिरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा गाडीत बसवून सीमेकडं पाठवलं. बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली, ही आमची माणसं आहेत म्हणून त्यांना उतरवून घेतलं. त्यावरून दोन राज्यांत मोठा वाद झाला. मी तुम्हाला गाडी अडवायला सांगत नाही. एवढं बघा की तेव्हाही पडताळणी आधी झाली नव्हती, भांडण झाल्यावर झाली. सत्तावीस वर्षांत तेवढं बदललं नाही.

जगातही हेच चाललंय. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्राचे तिघं होते. तेव्हा आपल्या सगळ्यांना वाईट वाटलं, राग आला. कागद नसले म्हणून माणसाला साखळीने बांधतात का, असं चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते. बरोबर म्हणत होते. मग सप्टेंबरमध्ये तिकडं जॉर्जिया राज्यात मोटारीच्या बॅटरीच्या कारखान्याच्या बांधकामावर धाड पडली. साधारण ४७५ माणसं धरली, त्यात तीनशेच्या वर दक्षिण कोरियाचे कामगार. त्यांच्या सरकारने विमान पाठवून त्यांना आठवड्याभरात घरी नेलं. ज्याच्यामागं कोणी उभं राहतं, त्याचे हाल कमी होतात. नाक्यावरच्या मजुरामागं कोण उभं राहणार? याचं उत्तर आज आपल्याला द्यायचंय.

आता कोणी म्हणेल, भाऊ, बाहेरून चोरून आलेल्यांची बाजू कशाला घेतोस? मी सरळ बोलतो. बांगलादेशातून बिनकागदाची माणसं येतात, हे खरं आहे. त्याला कायद्यात शिक्षा आहे. यंदा १ सप्टेंबरपासून परदेशी माणसांबाबतचा नवा कायदा लागू झाला, जुने चार कायदे काढून एकच केला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला, तर शिक्षा होईल, परत पाठवतील. त्यावर आपलं भांडण नाही. आपलं भांडण आहे ते सिद्ध व्हायच्या आधी हाकलण्यावर.

हे भांडण आपल्याला कोणी शिकवायला नको. आपण जन्मभर तेच भांडतोय. जंगलात आपला बाप, आजा नाचणी पेरत होता आणि फॉरेस्टच्या वहीत आपण ‘अतिक्रमणदार’ होतो. झोपडी मोडायला यायचे, वखर-नांगर उचलून न्यायचे आणि म्हणायचे, कागद दाखव. मग २००६ ला वनहक्क कायदा झाला. त्यात काय लिहिलंय? कलम ४, पोटकलम ५ पाठ असू दे: दावा मान्य होण्याची आणि पडताळणीची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वनात राहणाऱ्याला त्याच्या ताब्यातल्या जमिनीवरून काढता येत नाही. आधी पडताळणी. शिवाय पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नाही, गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाबही पुरावा धरतात. जुनं झाड, थडगं, विहीर हेही पुरावा. हा हक्क आपण मिळवला. तरी १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आलाच, दावे नामंजूर झालेल्यांना बाहेर काढा म्हणून. देशभरची लाखो कुटुंबं एका कागदाने उठली असती. आपण सगळीकडं रस्त्यावर आलो, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. दावे नामंजूर का झाले, तर तपासणीच नीट झाली नव्हती, हे तेव्हा सरकारला कबूल करावं लागलं.

म्हणून सांगतो, साइटवरच्या त्या ओळीत बसलेला माणूस आणि फॉरेस्टच्या गार्डासमोर बसलेला आपला आजा, दोघांना प्रश्न एकच विचारला जातो. कागद दाखव. आणि दोघांकडंही तो नसतो, कारण कागद करणारं सरकार त्यांच्या दारापर्यंत आलेलंच नसतं.

आपल्याकडं कागदाची काय दशा आहे ते तुम्ही जाणता. आपल्या बाया घरीच बाळंत होत आल्या. दाई होती, दाखला नव्हता. कातकरी भावांचं तर विचारू नका. आज या भट्टीवर, उद्या त्या नदीकाठी. आदिम जमात म्हणून सरकारच्या यादीत नाव आहे, घरात जातीचा दाखला नाही. आता याच धाडींच्या निमित्ताने कागद करणंही अवघड झालंय. उशिरा जन्मनोंद करून बांगलादेशींना दाखले दिले, अशा तक्रारी झाल्या आणि जानेवारीत राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदीचे दाखले देणं थांबवलं. मार्चमध्ये नवे कडक नियम आले. एप्रिल-मे महिन्यांत अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम निघाली, रहिवासाचा पुरावा भरून द्या, परदेशी माणसांची कार्डं रद्द करा. मोहीम काढली मालेगाव, मुंबईकडं बघून. पण एप्रिल-मे महिन्यांत आपलं अर्ध गाव भट्टीवर असतं! अर्ज कोण भरणार? जाळं ज्या माशासाठी टाकलं तो सापडेल का नाही ठाऊक नाही, पण वाहत्या पाण्यातला बारका मासा आधी अडकतो.

त्या बाईच्या पोराचा प्रश्न इथं आहे. त्याला बांगलादेशी ठरवून पाठवतील, अशी भीती मी घालत नाही. पण उद्या त्याला ओळीत बसवलं, तर त्याच्याकडं दाखवायला काय आहे आणि त्याच्यासाठी बोलायला कोण आहे, एवढं आज बघायला पाहिजे.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगतो.

नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्माने भारतीय. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मला असेल, तर आई किंवा बाप, दोघांतलं एक भारतीय पाहिजे. त्याच्या पुढं जन्मला, तर एक भारतीय आणि दुसरं बेकायदा आलेलं नको. म्हणजे पोराचं नागरिकत्व आईबापाच्या कागदावर टेकलंय. आईबापाचा जुना कागद जपा.

मुंबई हायकोर्टाने यंदा ऑगस्टमध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात म्हटलं, नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. म्हणून खिशातल्या एका कार्डावर विसंबू नका. आणि परदेशी माणसांबाबतच्या कायद्यात आपण परदेशी नाही, हे सिद्ध करायचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच टाकलाय. हे जड आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. ११ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने आसामच्या एका माणसाच्या खटल्यात सांगितलं की सरकारने कोणालाही उचलून, दार ठोकून, ‘तू परदेशी आहेस असा आमचा संशय आहे’ असं म्हणून चालणार नाही. संशयाला काही आधार पाहिजे आणि तो आधार त्या माणसाला दाखवला पाहिजे. त्या माणसाच्या कागदात नावाच्या स्पेलिंगचा, तारखांचा फरक होता. कोर्टाने म्हटलं, एवढ्यावरून तो परदेशी होत नाही. आपल्या किती जणांची नावं तीन कागदांवर तीन तऱ्हेची आहेत? हात वर करा. … बघा. सगळेच.

केंद्राच्या गृहखात्याने मे महिन्यात राज्यांना कळवलं की संशयित माणूस ‘मी भारतीय आहे’ म्हणाला, तर त्याच्या राज्याकडून, जिल्ह्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्या. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर परत पाठवायची कारवाई करता येते. आता तुम्हीच सांगा, आपल्या वनपट्ट्याच्या दाव्याला तहसीलातून उत्तर यायला किती वर्षं लागली? म्हणून ३० दिवसांचं काम सरकारवर सोडायचं नाही. ते गावाने करायचं.

आणखी एक. संविधानाचं २१ वं कलम ‘व्यक्ती’ म्हणतं, फक्त ‘नागरिक’ म्हणत नाही. जिवाचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. चकमा तिकडून आलेलेच लोक होते. त्यांना धमकावून हाकलायला निघालेल्या लोकांपासून त्यांचं रक्षण करा, असा आदेश कोर्टाने सरकारला दिला.

आता कामाच्या तक्रारीवर येतो. आपली पोरं म्हणतात, “हे कमी मजुरीत येतात, आपलं काम जातं.” पोरं खोटं बोलत नाहीत. पण भाव कोण पाडतो ते बघा. ज्याला पकडलं जायची भीती आहे तो ठेकेदाराशी भांडत नाही. म्हणून ठेकेदाराला तो आवडतो. जव्हारहून बयाणा घेऊन आलेलं जोडपंही भांडत नाही, कारण अंगावर उचल आहे. ठेकेदाराला तेही आवडतं. याच वसई तालुक्यात बयाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसं होती, १९७६ च्या वेठबिगार कायद्याचा आधार घेऊन ती सुटली, हे इथल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. घाबरलेला मजूर स्वस्त असतो, मग तो कुठलाही असो. धाडीने तो महाग होत नाही, आणखी घाबरतो. आणि पगाराच्या आदल्या दिवशी धाड पडली, तर फायदा कोणाचा, हे माझ्या साइटवर मी बघितलंय. म्हणून मजुरीच्या हिशेबात आपण त्यांना धरून चालायचं. राबलेल्या दिवसाचे पैसे राबणाऱ्याचे. तो नंतर कुठं पाठवला जाणार आहे यावर ते अवलंबून नाही.

शेवटची गोष्ट सांगतो, ती सगळ्यात जड आहे. ठिकठिकाणी लोक स्वतःच माणसं पकडायला लागलेत. कार्ड बघतात, नाव विचारतात, व्हिडिओ काढतात. २०२० च्या फेब्रुवारीत पुण्यात एका पक्षाचे कार्यकर्ते वस्तीत शिरले, बांगलादेशी म्हणून माणसं पोलिसांकडं नेली. पोलिसांनी कागद तपासले तर ती भारतीय निघाली. कोणाच्या घरात शिरून कागद मागायचा अधिकार कुठल्याही खासगी माणसाला नाही. आपल्या पोरांनाही फोनवर असे निरोप येतात, ‘रात्री पाळी लावा, अनोळखी दिसला तर धरा.’ अरे, आपल्या जिल्ह्याला हे कोणी सांगायची गरज आहे का? १६ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. लॉकडाऊन होता, चोर फिरतात, मुलं पळवतात अशी अफवा होती, गावं राखणीला बसली होती. गाडी अडवली आणि दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांचा जीव गेला. त्या तिघांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. त्यानंतर शंभराहून जास्त माणसं अटकेत गेली. पाडे ओस पडले, गडी जंगलात लपले, बाया एकट्या राहिल्या. कोणी कित्येक महिने, कोणी त्याहून जास्त दिवस तुरुंगात काढले. अफवा पाठवणारा एकही त्यांच्या घरी तांदूळ घेऊन गेला नाही. अनोळखी माणूस दिसला म्हणून हात उचलायचा नाही. शंका आली तर चार जण मिळून पाणी विचारा, नाव-गाव विचारा आणि ११२ ला फोन करा. आपला अधिकार तिथं संपतो.

आता कामं सांगतो. पाच आहेत. पोरांनी लिहून घ्या.

एक. घरात एक पिशवी करा. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, मतदार कार्ड, वनपट्टा किंवा दाव्याची पोच, आईबापाचं नाव असलेलं जुनं काहीही, सगळं त्यात. अस्सल कागद घरी ठेवा, कामावर झेरॉक्स न्या. फोटो काढून घरच्या फोनमध्येही ठेवा. जन्मनोंद नाही त्यांची यादी करा. ते अर्ज एकेकट्याने न देता आपण सगळ्यांचे मिळून तहसीलात नेऊ.

दोन. पाड्याची वही. कोण कामाला गेला, कुठल्या नाक्यावर, कुठल्या साइटवर, ठेकेदार कोण, मुकादमाचा नंबर काय, बयाणा किती. वनहक्क समितीची वही आपण ठेवतोच, तशीच ही. ग्रामसभेत ठराव करा की ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या या गावची आहेत, नावं लिहून, शिक्का मारून. पाड्यावर दोन फोन असे ठेवा की रात्री वाजले तरी कोणी तरी उचलेल. माझ्यासाठी तेव्हा मुकादम आला होता. मुकादमाच्या मर्जीवर आता राहायचं नाही, गाव आलं पाहिजे.

तीन. पकडलं तर पळू नका, खोटं सांगू नका, वाचून न दाखवलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. अटक का केली ते लेखी मागा. सुप्रीम कोर्टाने याच महिन्यात ६ तारखेला मुंबईच्याच एका खटल्यात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, गुन्हा कुठलाही असो. घरच्यांना कळवलंच पाहिजे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची तर अपवाद म्हणूनच, बाई पोलिसाने आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन. आदिवासींना आणि कोठडीतल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करा. नंबर पाठ करा: पंधरा, एकशे. परत म्हणा. … बरं.

चार. मजुरीची वही स्वतःची ठेवा. रोजचा दिवस रोज लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याने रेघ ओढावी. शेजारी बंगालची टोळी असेल तर त्यांचे किती दिवस झाले तेही साक्षीला ध्यानात ठेवा. उद्या त्यांना नेलं, तर त्यांची मजुरी बुडाली असं कामगार खात्याला सांगणारा कोणी तरी असला पाहिजे.

पाच. आपण कोणावर धाड घालायची नाही. फोनवर आलेला निरोप पुढं पाठवायचा नाही.

एवढंच मला सांगायचं होतं. मागच्या वेळी मी त्या बाईला हसलो होतो, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. बाई, तुझं पोरगं या देशाचं आहे. त्याचं नाव पाड्याच्या वहीत पहिलं लिहू. आणि त्याच्या साइटवर प्लास्टर करणारी बाहेरगावची पोरं असतील, त्यांनाही सांग, तुमच्या गावच्या सरपंचाचा नंबर आमच्या पोराजवळ लिहून ठेवा. वेळ आली तर आमचं पोरगं फोन लावेल.

वही कोण आणतंय? … हां, आण इकडं. सुरू करू.

जोहार! जिंदाबाद!